घर डुललं की वासेही डुलतात

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. आमच्या घराला वासे नव्हते, सहा चाकं होती आणि ते फिरण्यासाठीच घेतलं होतं. डुलण्यासाठी नव्हे.

पंचवीस वर्षांचं जुनं मोटरहोम विकताना आधीचा मालक म्हणाला होता, "गाडी थोडी झुलते, पण सवय होते." चावणाऱ्या चपलेबद्दलही लोक हेच सांगतात. पहिल्याच वळणावर कपाटाचं दार उघडून कढई बायकोच्या मांडीवर येऊन बसली. मागून मोठा ट्रक आला की त्याच्यापुढची हवा आधी आमचं शेपूट बाहेर ढकलायची, मग तो बरोबरीला आला की तोंड. मी स्टेअरिंग एकदा इकडे, एकदा तिकडे. ट्रकवाला आरशातून बघत असेल तर त्याला वाटलं असेल, हा माणूस पीठ मळतोय. आई तेवढी मागच्या पलंगावर पाळण्यात घातल्यासारखी गाढ झोपायची.

गाडी डुलते म्हटलं की भेटेल तो वैद्य होतो. पहिला म्हणाला, "शॉकअप गेलेत." चारही बदलले. नंतर कळलं की शॉकअप गाडीला तोलून धरत नाहीत, नुसतं स्प्रिंगचं उसळणं आवरतात. त्यामुळे गाडी पूर्वीइतकीच कलंडायची, फक्त आता सावकाश, विचारपूर्वक. दुसऱ्याच्या सल्ल्याने स्टेअरिंगला झटके आवरणारा डँपर बसवला. स्टेअरिंग जड झालं, गाडी जिथल्या तिथे.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री भेटले. गाडीखाली वाकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वजन केलंत का?"

"माझं?"

"करा दोघांचंही."

वजनकाट्यावर आधी पुढची चाकं घेतली, मग मागची, मग एकेक बाजू. मागची डावी बाजू उजवीपेक्षा ३४० किलोंनी जड निघाली. फ्रिज डावीकडे, ओटा डावीकडे, पाण्याची टाकी डावीकडे आणि माझी हत्यारांची पेटीही डावीकडेच. टाकी २०० लिटरची, म्हणजे २०० किलो पाणी. "असू दे भरलेली" म्हणून मी ते गावोगाव हिंडवत होतो. अर्धी ठेवून पाहिली तर पाणी आत हिंदकळून वळणावर आमच्या आधी वळायचं. मग ठरलं, निघताना गरजेपुरतं भरायचं आणि मुक्कामी पोचल्यावर हवं तेवढं.

छतावर दोन सायकली, शिडी आणि 'लागेल कधीतरी' या सदरातलं एक गाठोडं होतं. उंचावरचं वजन गाडीला वरून धरून हलवतं, हे मिस्त्रींनी काडेपेटी उभी करून दाखवलं. सामान उतरवताना बायकोचं निघालं १२ किलो, माझं ११०. हा आकडा आमच्या घरात अजून अधूनमधून ऐकू येतो.

मग टायर. त्यांच्या अंगावर लिहिलेला हवेचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो आणि भरायची हवा ॲक्सलवरच्या वजनावरून तक्त्यात बघायची असते, हे मला या वयात कळलं. तोवर मी टायरला लाथ मारून हवा ठरवत होतो. शिवाय एका टायरवर चार आकडे होते, १४११. म्हणजे २०११ सालातला चौदावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, बगलेत मात्र भेगाच भेगा. तो गेला.

खरा चोर सापडला तो मात्र गाडीखाली. दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी बार असतो. गाडी एका अंगाला कलली की तो पिळला जातो आणि पीळ सोडवून घेण्यासाठी तिला परत सरळ रेटतो. तो रबरी बुशांतून, म्हणजे भोकाच्या रबरी ठोकळ्यांतून जातो. मिस्त्रींनी बुश काढून माझ्या तळहातावर ठेवला. भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं आणि रबर जुन्या खोडरबरासारखं बोटानं भुरभुरत होतं. भोकाच्या फटीत माझी करंगळी जात होती. म्हणजे गाडी तेवढी कलेपर्यंत बार बिचारा भोकातच येरझाऱ्या घालत होता.

मी तोवर बरंच वाचून बसलो होतो. बारची ताकद जाडीच्या चौथ्या घातात वाढते. म्हणजे २५ मिलिमीटरच्या जागी ३२ घातला की जोर सुमारे पावणेतीनपट. मला जाडाच बार हवा होता. मिस्त्री म्हणाले, "आधी मूठभर रबर बदला, मग लोखंडाचं बघू." पॉलियुरेथेनचे बुश बसवले. दबून बसलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांना आधार म्हणून हवेचे फुगे घातले. ट्रक शेपूट ढकलायचा त्यावर मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक आडवा दांडा टाकला. मिस्त्रींचं खरं होतं. जाडा बार लागलाच नाही.

बुशांना ग्रीस लावायचं काम हौसेनं मी घेतलं होतं. तीन बुश झाले आणि फोन आला.

पहिल्याच फेरीला वळण आलं, कढई जागेवर. ट्रक आला आणि गेला, स्टेअरिंग माझ्या दोन बोटांत. मी ऐटीत बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, गाडी थांबलीय का?"

"नाही आई, चाललीय."

"मग झोप का लागत नाहीये मेली? ते झुलणं कुठे गेलं?" आणि ती उठून आमच्या मागच्या सीटवर येऊन बसली. पुढच्या दहा मिनिटांत मला कळलं की मी ब्रेक उशिरा दाबतो, आरशात बघत नाही आणि चौथ्या गिअरमध्ये फार रेंगाळतो. खड्डा आला. खालून बारीक आवाज आला, 'चीं'.

"चिमणी शिरलीय का रे आत?"

बायको माझ्याकडे बघायला लागली.

"हो," मी म्हटलं, "चिमणीच आहे."