पहिल्या भेटीसाठी योग्य तो गोंगाट

दोन आठवडे रात्री दीड-दीड वाजेपर्यंत चॅटिंग झालं. लहानपणी कोणता विषय नावडता होता इथपासून झोपताना पंखा लागतो की नाही इथपर्यंत सगळं विचारून झालं. मग कुणीतरी लिहून बसलं, ‘भेटूया?’ आणि हॉटेल ठरवायचं काम तुमच्या गळ्यात आलं. घाबरू नका. एवढंच ध्यानात ठेवा की पहिल्या भेटीत माणूस कळता कामा नये. कळला की संपलं. तेव्हा कळण्यापासून दोघांनाही वाचवेल असं ठिकाण शोधायचं, चव वगैरे नंतर बघू. मोठ्या शहरात अशा ठिकाणांची ददात नाही.

सगळ्यात महत्त्वाचा आवाज. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तेव्हा आवाज साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो. आपल्याला ८०च्या पुढचं हॉटेल हवं. वीसचाच तर फरक, म्हणू नका. दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे हा चौपट झाला. असं हॉटेल फोटोवरूनच ओळखता येतं. उघडं काँक्रीट, काचेच्या भिंती, उंच छत, टेबलावर कापड नाही, खुर्चीला गादी नाही, पडदा तर औषधालाही नाही... डोळे झाकून बुक करा. आवाज शोषून घेईल असं तिथे काही नसतं, त्यामुळे तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो. शिवाय माणसाची एक खोड आपल्या मदतीला येते. एतिएन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये ती नोंदवून ठेवली आहे: भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. शेजारचं टेबल चढवतं म्हणून तुम्ही चढवता, तुम्ही चढवता म्हणून पलीकडचं. आठ वाजता कुजबुजत सुरू झालेली भेट नऊपर्यंत लिलावाच्या पट्टीत पोचते.

गाणी जलद लयीची असतील तर सोन्याहून पिवळं. रोनाल्ड मिलिमन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मंद संगीत चालू असताना गिऱ्हाइकं सरासरी ५६ मिनिटं टेबलावर बसली आणि जलद संगीताला ४५ मिनिटांतच उठली. म्हणजे फक्त गाण्यांच्या जोरावर ११ मिनिटांचा धोका टळतो.

मी स्वतः अशाच एका ठिकाणी गेलो होतो. नाव सांगत नाही. वेटरने स्वागत करताना सांगितलं होतं, पण ऐकू आलं नाही. स्पीकर नेमका आमच्या डोक्यावर. ती बोलत होती आणि मी तिच्या भुवयांवरून अंदाज बांधत होतो. वर गेल्या की ‘अरे वा’, खाली आल्या की ‘हो ना’. तासभर पद्धत बिनचूक चालली. मध्येच एकदा ती थांबली, चमच्याने प्लेटच्या कडेला एक रेघ ओढली आणि काहीतरी छोटंसं म्हणाली. भुवया मधोमध होत्या. मी जोखीम पत्करली आणि ओरडलो, ‘अरे वा, अभिनंदन!’ ती दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान डोलावली आणि आम्ही गोड मागवलं. इतकी सुरळीत संध्याकाळ माझ्या आयुष्यात क्वचितच गेली आहे.

आता उजेड. तो नसावा. मेन्यूकार्ड वाचायला दोघांनाही मोबाइलचा टॉर्च लावावा लागला तर वातावरण जमलं असं समजा. अंधारात डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, त्यामुळे समोरचा माणूस आपल्याकडे टक लावून बघतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो किमतीचा रकाना शोधत असतो. मेन्यूवर पहिलाच पदार्थ अंगावर येण्याइतका महाग असेल तर दचकू नका. बऱ्याचदा तो खपावा म्हणून तिथे नसतोच, खालचा दुसरा पदार्थ स्वस्त वाटावा म्हणून असतो. तुम्ही तो दुसरा मागवा, म्हणजे काटकसरीचं समाधान आणि उधळपट्टीचं बिल, दोन्ही पदरात पडेल.

तारेही बघा हो. हॉटेलांची पारख करणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेच्या ताऱ्यांचा जगभर दबदबा आहे, पण १९०० साली ती काढली टायर बनवणाऱ्यांनी. लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात आणि टायर झिजवावेत, हा त्यामागचा हिशोब. तारे द्यायला त्यांनी १९२६ मध्ये सुरुवात केली आणि पुढे तीन ताऱ्यांचा अर्थ ठरवला, खास तेवढ्यासाठी प्रवास करावा असं ठिकाण. आपणही हेच धोरण ठेवू. दोघांच्याही घरापासून शक्य तितकं लांबचं हॉटेल निवडा. निम्मी संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये गेली आणि पोचल्यावर अर्धा तास त्याच ट्रॅफिकवर बोललात की उरतं किती?

आणि जमलं तर उंच जा. १९७४ साली डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर पुरुषांना एका तरुणीकरवी प्रश्न विचारले. भक्कम पुलावरच्या पुरुषांपेक्षा या हलत्या पुलावरच्यांनी तिला नंतर जास्त फोन केले. धडधड दरीमुळे होतेय की तरुणीमुळे, याचा त्यांच्या मनात घोळ झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा चाळिसाव्या मजल्यावर, काचेच्या कठड्याला लागून टेबल घ्या. तिथे समोरचा तर कळत नाहीच, आपलं आपल्यालाही काही कळत नाही.

टेबलांमधल्या अंतरावर फार लिहीत नाही. शेजाऱ्याचं कोपर आपल्या सूपमध्ये येत नसेल तर जागा बदलून मागा.

राहता राहिलं बाहेर पडणं. इथेच माझं चुकलं. सगळं निर्विघ्न पार पडलं आणि मी गाडी बुक केली ती फुटपाथवर येऊन. मोबाइलवर दाखवलं, ११ मिनिटं. आत वाचवलेली ती सगळी ११ मिनिटं बाहेर माझी वाट बघत उभी होती. रस्ता शांत, शटर पडलेली दुकानं, वर दिव्याचा पांढराफटक उजेड.

ती म्हणाली, ‘माझी नोकरी गेली म्हटल्यावर आजवर सगळे हळहळले. अभिनंदन करणारा तू पहिलाच.’

मला ऐकू आलं नव्हतं हे मी कबूल करून टाकलं. ती एवढी हसली की बंद शटरला टेकली.

‘मग बरं झालं,’ ती म्हणाली, ‘कारण तू पायलट असून उंचीला घाबरतोस, हे काही मला झेपत नव्हतं.’

‘पायलट?’

‘विमान कंपनीत आहेस ना?’

‘विमा. विमा कंपनीत.’

एवढ्यात गाडी आली. ती रद्द करावी लागली, दंड भरून. त्यानंतरची गाडीही. म्हणून सांगतो, बिल मागवायच्या आधीच गाडी बोलावून ठेवा.