मुंबईचे २० लाख म्हणजे पुण्याचे १२ लाख? हिशेब तर मांडा

"मुंबईतलं २० लाखांचं पॅकेज म्हणजे पुण्यातले १२ लाख. मुंबईत पगार जास्त देतात तो महागाईमुळे, आणि उरलेलं प्रवासात जातं. डेव्हलपरनं तिकडे जाऊच नये." हा फॉरवर्ड आतापर्यंत बहुतेक आयटी ग्रुपांवर येऊन गेला असेल.

आधी आकडे घेऊ. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत १२ लाख पगारावर कर शून्य. २० लाखांवर, ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून, सेससकट १,९२,४०० रुपये. पीएफ बाजूला ठेवला तर हातातला फरक महिन्याला ५० हजारांच्या घरात. म्हणजे दावा खरा ठरायला मुंबईत दरमहा तेवढा जादा खर्च झाला पाहिजे. कशावर? रिचार्ज, लॅपटॉपचा हप्ता, एसआयपी दोन्हीकडे तेच. किराण्यात थोडंफार इकडेतिकडे. राहिलं भाडं. पुण्यातल्या वाकडच्या आणि नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या वन बीएचकेत फरक आहे, पण ५० हजारांचा नाही. फॉरवर्डवाल्यानं बहुधा वाकडशेजारी मुंबईतली महागडी पवई ठेवली. मग पुण्यातलंही महागडं कोरेगाव पार्क घ्या ना!

शिवाय पगार वाढला म्हणून त्याच फ्लॅटचं भाडं वाढत नाही. ८ लाखांवर रुजू झालेल्या पोराला हा फरक खरोखर टोचतो, ३० लाखांवाल्याला फारसा जाणवत नाही. सगळ्यांना एकाच गुणोत्तरात बसवणं तिथेच चुकतं.

महागाईमुळे पगार जास्त? मग मुंबईपेक्षा घरभाडं कमी असूनही स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बंगळुरूच्या प्रॉडक्ट कंपन्या इतकं का मोजतात? एकाच कामाच्या माणसासाठी शहरात किती कंपन्या ओढाताण करतात, यावर भाव ठरतो. मुंबईत ती ओढाताण बँका, ब्रोकर आणि पेमेंटवाल्यांची. शेअर बाजारवालं एनएसई, यूपीआय चालवणारं एनपीसीआय इथलेच. दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या मोठ्या सर्व्हिस कंपन्या तर फ्रेशरला पोस्टिंग कुठेही असो, सहसा तेच पॅकेज देतात.

प्रवासाचं म्हणाल तर लोकलचा सेकंड क्लासचा पास हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जळणाऱ्या पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतो. गर्दीबद्दल मी काही बोलत नाही.

घर विकत घ्यायचं असेल तर मात्र फॉरवर्डवाल्याची भीती रास्त आहे. २० लाखांच्या पगारात मुंबई शहरात टू बीएचके झेपत नाही. मग बदलापूर, नाहीतर पनवेल. आणि तिथून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसात) आठवड्याचे पाचही दिवस बोलावणार असतील, तर ऑफर स्वीकारण्याआधी वर्क फ्रॉम होमचे दिवस एचआरकडून लेखी घ्या.