शहर ऐकणं म्हणजे रडगाणं नव्हे

नमस्कार,

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांतून रचना करणाऱ्या ध्वनिकलेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. मायक्रोफोन घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की कुणीही कलाकार ठरतो, हा पहिला. शहरात माणसं येणार, घरं लागणार, आवाज वाढणारच. मग जुन्या भोंग्यांसाठी गळा कशाला काढायचा, हा दुसरा. दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संगीतकार हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प यांची १९८९ ची ‘किट्स बीच साउंडवॉक’ ही रचना जेमतेम दहा मिनिटांची आहे. व्हँकुव्हरमधल्या किट्सिलानोच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेल्या बार्नेकल या शिंपल्यासारख्या जिवांची बारीक चुटचुट ऐकू येते आणि त्यामागे शहराची अखंड घरघर. वेस्टरकॅम्प स्वतः आपल्याशी बोलत असतात. मध्येच त्या शहराचा आवाज वाढवतात आणि सांगतात, असा मोठा करून मी तुम्हाला फसवू शकले असते. मग फिल्टर लावून तो काढूनच टाकतात, आणि तेही सांगतात. किनाऱ्यावर उभं राहून हे करता येत नाही, ते स्टुडिओतच शक्य आहे. कुठला आवाज पुढे आणायचा आणि कुठला मागे सारायचा, हा निर्णय इथे ऐकणाऱ्याच्या कानासमोर घेतला जातो. तो घेणं आणि उघड करणं, यालाच मी कला म्हणते. नुसती टेप चालू ठेवून हे होत नाही.

आता गळा काढण्याविषयी. तिथल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात संगीतकार मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराचे आवाज नोंदवण्याच्या या कामाला सुरुवात केली, ती गोंगाटाच्या चिंतेतून, हे खरं. पण नुसत्या तक्रारीनं काही हाती लागत नाही, हे शेफरना लवकरच कळलं आणि ते अख्खं शहर ऐकू लागले. १९७३ मध्ये ‘द व्हँकुव्हर साउंडस्केप’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. शहराची खूण म्हणून या मंडळींनी जे आवाज नोंदवले, त्यात दुपारी बारा वाजता ‘ओ कॅनडा’ या राष्ट्रगीताचे पहिले चार स्वर वाजवणारे भोंगेही होते. ते बसवले होते १९६७ साली, कॅनडाच्या शताब्दीला, वीज कंपनीच्या इमारतीवर. म्हणजे तेव्हा ते अवघे सहा वर्षांचे होते! वाढत्या शहरानं स्वतःच घडवलेली ही ओळख होती, गेलेल्या काळाची नव्हे. पुढे त्या इमारतीत फ्लॅट झाले आणि भोंगे १९९४ मध्ये बंदरावरच्या कॅनडा प्लेसला गेले. पॉइंट ॲटकिन्सन दीपगृहाचा धुक्यात वाजणारा जुना भोंगा मात्र १९७४ मध्येच बंद झाला.

मधल्या काळात व्हँकुव्हरला एक्स्पो ८६ हे जागतिक प्रदर्शन झालं, फॉल्स क्रीक या खाडीच्या काठची त्याची जमीन १९८८ मध्ये विकली गेली आणि तिथे उंच इमारती आल्या. शेफर यांचे सहकारी, संगीतकार बॅरी ट्रुअॅक्स यांनी १९९६ च्या ‘पॅसिफिक फॅनफेअर’ या रचनेत सत्तरच्या आणि नव्वदच्या दशकांतले आवाज शेजारी शेजारी ठेवले. जुन्याला त्यांनी देव्हाऱ्यात बसवलेलं नाही.

घरं हवीतच, त्याबद्दल आपलं दुमत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की शहर कसं ऐकू येईल हे कोण ठरवतं. वीज कंपनीला भर दुपारी सगळ्या शहराला ऐकू जाईल असा आवाज काढता आला. किनाऱ्यावरच्या चुटचुटीसाठी कुणीतरी खडकाशी मायक्रोफोन न्यावा लागतो.

वेस्टरकॅम्प आणि ट्रुअॅक्स यांच्या या दोन्ही रचना हेडफोन लावून ऐका. त्यात रडगाणं सापडलं, तर कुठल्या मिनिटाला ते जरूर लिहा. त्यावर मला तुमच्याशी बोलायला आवडेल.