मागे घेतलेल्या बोलीचा हिशेब

ऑनलाइन लिलावात जुनी नाणी, टपाल तिकिटे किंवा कॅमेरे घेणाऱ्या मंडळींमध्ये एक युक्तिवाद वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: कोणी बोली मागे घेतली की ती कधी लागलीच नव्हती असे धरून यंत्रणा किंमत नव्याने मोजते, त्यामुळे इतर बोलीदारांचे काही बिघडत नाही, उलट किंमत उतरल्याने त्यांचा लाभच होतो, कमाल बोली गुप्त असल्यामुळे गैरवापराला वाव नाही, तरीही ज्याला हे पटत नसेल त्याने स्वतःची बोली मागे घ्यावी, आणि हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. या पाच विधानांपैकी पहिले अर्धे खरे, शेवटचे खरे परंतु गैरलागू आणि मधली तीन चुकीची आहेत.

हा युक्तिवाद ज्या पद्धतीला उद्देशून केला जातो ती १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या लिलाव-संकेतस्थळामुळे सर्वपरिचित झाली. बोलीदार आपली कमाल रक्कम यंत्रणेला सांगून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. म्हणजे पडद्यावर दिसणारी किंमत ही सर्वांत मोठ्या रकमेवर नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या कमाल रकमेवर ठरते आणि तिच्यात वाढीचा एक टप्पा मिळवला जातो. अमेरिकी संकेतस्थळावर २५ ते ९९.९९ डॉलरच्या दरम्यान हा टप्पा १ डॉलरचा आणि १०० ते २४९.९९ डॉलरच्या दरम्यान अडीच डॉलरचा असतो. एका जुन्या कॅमेऱ्यासाठी अ या बोलीदाराने कमाल ६० आणि ब याने ४२ डॉलर नोंदवले असतील, तर किंमत ४३ दिसते आणि अ आघाडीवर असतो. पुढील सर्व उदाहरणे याच कॅमेऱ्याची आहेत.

आता पहिले विधान पाहू. क याने ३०० डॉलरची बोली लावली, किंमत ६१ झाली, आणि लगेच त्याने ती मागे घेतली, तर यंत्रणा उरलेल्या कमाल रकमा पाहून किंमत पुन्हा ४३ वर आणते. दशांशचिन्ह विसरल्यामुळे ९९.५० ऐवजी ९९५० लिहिले गेले आणि काही मिनिटांत चूक सुधारली, अशा प्रसंगी हे विधान बव्हंशी खरे ठरते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु यंत्रणा पुसते ती केवळ क याची बोली. त्या बोलीला उत्तर म्हणून इतरांनी जे केले ते ती पुसत नाही. क याची बोली दोन दिवस राहिली असे समजा. आपण मागे पडल्याची सूचना मिळताच अ याने ईर्ष्येने आपली कमाल रक्कम १०५ वर नेली आणि नव्याने आलेल्या ड याने, जो एरवी ७५ वर थांबला असता, ती चढाओढ पाहून ११० नोंदवले. त्यानंतर क निघून गेला. यंत्रणेचा हिशेब अचूक आहे: ड आघाडीवर आणि किंमत १०७.५० डॉलर. क आलाच नसता आणि दोघे मूळच्या रकमांवर थांबले असते, तर तोच कॅमेरा ड याला ६१ डॉलरला मिळाला असता. साडेशेहेचाळीस डॉलरचा हा फरक ज्या बोलीमुळे पडला ती आता नोंदीत केवळ मागे घेतलेली बोली म्हणून उरते. कोणी म्हणेल की अ आणि ड यांना आवर घालता आला असता. घालता आला असता. परंतु लिलावात दुसऱ्याची बोली ही वस्तूच्या मोलाविषयीची माहितीही असते, आणि ती खोटी निघाली तर तिच्यावर विसंबणाऱ्याला दोष देऊन भागत नाही.

किंमत उतरते म्हणजे लाभ होतो, हे दुसरे विधान. लाभ कोणाचा, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. चढलेली किंमत पाहून जे बोलीदार परतले त्यांना ती पुढे उतरल्याचे कळण्याची खात्री नसते. याच गोष्टीचा जाणीवपूर्वक उपयोग करणारी एक जुनी चलाखी आहे, तिला ढालबोली म्हणता येईल: एकाने कमी रकमेची बोली लावायची, साथीदारांनी अवाच्या सवा बोली लावून इतरांना पळवायचे आणि मग ती ढाल काढून घ्यायची. येथे एक बारकावा अनेकदा सुटतो. एकट्या मोठ्या बोलीने ढाल तयार होत नाही, कारण आपल्या उदाहरणात ३०० ची बोली लागूनही पडद्यावर ६१ च दिसतात. किंमत खरोखर भीतीदायक दिसायची असेल तर दोन मोठ्या बोली लागतात, आणि त्या दोन्ही मागे घ्याव्या लागतात. ईबेच्या नियमांनुसार लिलाव संपण्यास १२ तासांहून अधिक अवधी असेल तर बोली मागे घेणाऱ्याच्या त्या वस्तूवरील सर्वच बोली रद्द होतात, आणि शेवटच्या १२ तासांत केवळ गेल्या तासाभरात लावलेली बोलीच मागे घेता येते. या नियमाने ढालबोलीला बराच लगाम बसतो. बोली मागे घेण्याने कोणाचेच बिघडत नसते, तर असा नियम करण्याचे कारणच नव्हते.

याखेरीज, हरलेली बोली पुन्हा जिवंत होणे हा प्रकार ज्याच्यावर बेततो त्यालाच कळतो. क पुढे गेल्यावर अ याने आशा सोडून दुसऱ्या विक्रेत्याकडून तसाच कॅमेरा विकत घेतला, आणि नंतर क मागे फिरला, तर अ पुन्हा आघाडीवर येतो. ईबेच्या अमेरिकी संकेतस्थळावर भारतातून बोली लावणाऱ्याला तर कॅलिफोर्नियातील संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ असल्याने झोपेतून उठल्यावरच कळते की आपण दोन कॅमेऱ्यांचे धनी झालो आहोत. याला लाभ म्हणणे धाडसाचे आहे.

सर्वांत चुकीचे विधान गुप्ततेविषयीचे आहे. कमाल रक्कम गुप्त राहते ती कोणी तिच्यापुढे जाईपर्यंतच. क याने ३०० लावताच किंमत ६१ झाली, आणि त्यातून एक वजा केल्यावर अ याची कमाल मर्यादा ६० आहे हे सर्वांनाच कळले. बोली मागे घेतल्याने किंमत ४३ वर परत येते, परंतु ही माहिती परत घेता येत नाही. क हा विक्रेत्याचाच माणूस असेल तर तो, किंवा त्याचा दुसरा साथीदार, आता ५९ ची बोली लावतो. यंत्रणा इमानदारीने अ याच्या वतीने ६० पर्यंत चढते, आणि ४३ ला मिळणारी वस्तू अ याला त्याच्या खिशाच्या अगदी तळापर्यंत पैसे मोजून घ्यावी लागते. दुसऱ्या क्रमांकाच्या रकमेवर किंमत ठरवण्याचा सगळा लाभ, म्हणजे मनातील खरी रक्कम निर्धास्तपणे सांगता येणे, येथे उलटा फिरतो.

कायद्याचा दाखला खरा आहे. भारताच्या मालविक्री अधिनियम, १९३० मधील कलम ६४ नुसार हातोडा पडून विक्री पूर्ण होईपर्यंत बोलीदार आपली बोली मागे घेऊ शकतो, आणि इंग्लंडमध्ये हेच तत्त्व १७८९ च्या पेन विरुद्ध केव्ह या खटल्यापासून चालत आले आहे. परंतु तो नियम सभागृहातील लिलावासाठी घडला, जेथे वरचढ बोली आली की आधीची बोली संपते, असे मानले जाते. तेथे एक वार, दोन वार म्हणेपर्यंत जे काही घडते ते सर्वांच्या डोळ्यांदेखत, काही मिनिटांत घडते. कोणी मागे फिरला तर लिलाव करणारा उपस्थितांना पुन्हा विचारतो. सात दिवस चालणाऱ्या, गुप्त कमाल रकमांच्या आणि जुन्या बोली आपोआप जिवंत करणाऱ्या लिलावाला तो दाखला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय त्याच कलमाचे सहावे पोटकलम हा युक्तिवाद पुढे पाठवणारे सहसा उद्धृत करत नाहीत: किंमत चढवण्यासाठी विक्रेत्याने दिखाऊ बोलींचा वापर केला, तर खरेदीदाराला ती विक्री रद्द ठरवता येते.

राहिला तो सल्ला, की ज्याला पटत नाही त्यानेही बोली मागे घ्यावी. रक्कम लिहिण्यातील चूक, वस्तूच्या वर्णनात झालेला मोठा बदल किंवा विक्रेत्याशी संपर्कच न होणे, अशी मोजकीच कारणे ईबे ग्राह्य धरते. दुसऱ्याने बोली मागे घेतली, हे त्यांत बसत नाही. अशा बोलीदाराला एकच वाट उरते, ती म्हणजे आपली बोली रद्द करण्याची विनंती विक्रेत्याला करणे; आणि अ याची मर्यादा ज्याने आपल्या माणसाकरवी काढून घेतली, तो विक्रेताच आहे.