फाइल शेअरिंगसाठी फायरवॉल बंद करायची गरज नाही

‘ऑफिसातल्या दोन पीसींत फाइल शेअर होत नसेल तर विंडोजची फायरवॉल सरळ बंद करा,’ असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. काम होतं, हे खरं. पण फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी भिंत; ती बंद करणं म्हणजे दार उघडायला भिंत पाडणं. बहुतेकदा घोळ एवढाच असतो की विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ प्रोफाइलवर, म्हणजे अनोळखी नेटवर्कसाठीच्या कडक सेटिंगवर असतं. ते ‘प्रायव्हेट’ (भरवशाचं नेटवर्क) करा आणि फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’समोर फक्त प्रायव्हेटची खूण करा. शेअरिंगला टीसीपी ४४५ पोर्ट (नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार) लागतो, तोही फोल्डर ज्या मशीनवर आहे तिथेच, इनबाउंड, म्हणजे आत येणाऱ्या जोडणीसाठी. पिंगला (दुसरा पीसी जोडलेला आहे का, हे तपासणारी हाक) उत्तर नाही म्हणजे केबल गेली, हेही चूक. फायरवॉलमध्ये पिंगचा नियम वेगळा असतो. आणि राउटरवरून ४४५ इंटरनेटला कधीच उघडू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता.