निळ्या पन्नीवरून डोकं फिरलंय

आज मोठेबाबांना घेऊन तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात गेलो होतो, तिथून आल्यापासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांब होईल, वाचायचं तर वाचा. आत जायच्या आधी काउंटरवरची पोरगी म्हणते, चप्पल बाहेर काढा अन् हे घाला. हे म्हणजे त्या निळ्या इलॅस्टिकवाल्या पन्न्या, आणि पैसे वेगळे बरं का. मोठेबाबांच्या टाचेच्या भेगांत काळी माती कायमची बसलेली, ती पोरगी त्या पायांकडे अशी पाहत होती की... जाऊ द्या. ते गुमान घालून त्या चकचकीत टाइल्सवर भिंत धरून चालले, आणि बाहेर आल्यावर पन्न्यांची घडी करून खिशात. म्हटलं हे काय? तर म्हणे, "राहू दे ना बाप्पा, फवारनीले होते."

फवारणीले! कपाशीच्या एका ओळीत चिंध्या होतील तिच्या.

पण त्यांचं तरी काय चुकलं. आधी ते युरियाचं रिकामं पोतं फाडून पोटरीला गुंडाळायचे, वरून सुतळी. मला नोकरी लागल्यावर मी गमबूट आणून दिले. घालून शेतात निघाले तर पारावरचे सुरू झाले, "काऊन गा भाऊ, वनीच्या कोळशाच्या खदानीत लागले का?" दात काढून हसले सगळे. तेव्हापासून ते गमबूट गोठ्यात टांगलेले आहेत आणि मोठेबाबा स्लीपर घालून विषात.

मुळात पायातल्या जोड्यावर दुसरा जोडा चढवणं ही श्रीमंताची भानगड. युरोपात जुन्या काळी रस्ते म्हणजे नुसता चिखल, तर नाजूक जोडा खराब होऊ नये म्हणून त्याखाली लाकडी खडावा बांधायच्या, त्याला पॅटन म्हणायचे. पाय नाही, जोडा वाचवायचा! मग रबर आलं. ॲमेझॉनच्या जंगलातले लोक झाडाच्या चिकाचे जोडे करायचे, ते अमेरिकेत विकायला आले तर उन्हाळ्यात चिकट अन् थंडीत तडकणारे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं की रबरात गंधक घालून तापवलं की ते टिकतं, १८४४ ला पेटंट मिळालं, आणि बुटावर घालायचे गॅलोश घरोघरी झाले. हा गुडइयर १८६० मध्ये मेला तो कर्जातच, म्हणजे आपलाच माणूस. त्याचंच तंत्र घेऊन हचिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १८५३ मध्ये फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना टाकला, कोणासाठी? लाकडी जोडे घालून शेतात राबणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. आणि इथं आज गमबूट घातला तर खदानीत लागले का!

बरं त्या निळ्या पन्नीने जंतू अडतात म्हणावं तर तेही नाही. पूर्वी ऑपरेशनला भूल द्यायला ईथर वापरायचे, ते ठिणगीने पेटायचं, म्हणून पायात वीज साचू नये असे खास जोडे अन् कव्हर होते. ते ठीक. पण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने १९९९ मध्येच लिहून ठेवलंय की जखमेत इन्फेक्शन होऊ नये म्हणून शू कव्हर घालायची गरज नाही. रक्त-बिक्त सांडणार असेल तिथं घालणाऱ्याच्या पायावर येऊ नये म्हणून घालतात. घालणाऱ्याच्या! आपल्याकडे मात्र फरशीसाठी.

पोल्ट्रीत घालतात ते मला पटतं. बुटाच्या तळव्याला लागून रोग एका शेडमधून दुसऱ्यात जातो, २००६ ला नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं सगळ्यांना माहीत आहे. कोंबडीसाठी पायाला आवरण आहे हो!

२०१७ मध्ये आपल्या यवतमाळात फवारणी करता करता माणसं मेली, मग जाग आली, आमच्या गावातही किट वाटल्या. मास्क, चष्मा, हातमोजे. पायासाठी काही नाही. कपाशी कमरेच्या वर, पँट गुडघ्यापर्यंत औषधाने ओली, अन् खाली स्लीपर. घोणस वेगळीच. देशात वर्षाला साधारण ५८ हजार माणसं साप चावून मरतात असा अंदाज आहे, आणि साप बहुतेक पायालाच चावतो, कोणाला सांगायची गरज आहे का हे?

कोणी म्हणेल काळ्या मातीत गमबूट चालत नाही. मान्य. ओल असली की पाय निघतो अन् बूट तिथंच राहतो, आणि भादव्याच्या उन्हात आत घामाचं डबकं होतं. पण म्हणून स्लीपर? फवारणीपुरते तरी घाला ना यार, दोन-तीन तासांचा प्रश्न आहे.

त्या काउंटरवरच्या पोरीवर माझा राग नाही आता, तीही कोणा शेतकऱ्याचीच असेल, मालक सांगतो ते करते. राग पारावर हसणाऱ्यांवर आहे. त्यातले अर्धे माझे मित्र आहेत आणि ही पोस्ट वाचतायत. मोठेबाबांना दवाखान्याची पन्नी घालायला लाज नाही वाटली, कारण तिथं हसायला तुम्ही नव्हते.

आणि बायांचं तर कोणी बोलतच नाही. निंदणाला, वेचणीला दिवसभर त्याच शेतात असतात, आणि आमच्या बाजारात गमबूट मागितले तर सगळे पुरुषांच्या नंबरचे. आईसाठी पाच नंबरचा पाहतोय, हलका असेल तर बरा. यवतमाळ, वणी, पांढरकवडा कुठंही मिळत असेल तर दुकान सांगा. मोठेबाबांचे धुऊन ठेवलेत, उद्या फवारणी आहे, मी सोबत जातोय, कोणाला हसायचं असेल तर सकाळी सातला पारावर या.