‘लहान देशांनी सही करावी आणि मोकळं व्हावं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लहान देशांच्या अधिकाऱ्यांना मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी शिकवणं म्हणजे पैशाचा चुराडा. त्यांच्याकडे द्यायला काही नसतं, जाणकार माणसं नसतात, करार मोडला तरी बड्या देशाचं काही वाकडं करता येत नाही. म्हणून मिळेल त्यावर सही करावी. निर्यातीची कागदपत्रं तयार करण्यातच माझा दिवस जातो. मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही, आणि शेवटचा सल्ला तर घातक वाटतो.

द्यायला काही नसतं म्हणता? मग आपल्या शेजारच्या श्रीलंकेकडे बघा. भारत-श्रीलंका करारावर 28 डिसेंबर 1998 ला सह्या झाल्या आणि 1 मार्च 2000 पासून तो लागू झाला. सवलतीतून वगळलेल्या वस्तूंची यादी भारताची 429 ची, तर श्रीलंकेची 1180 ची. शुल्क शून्यावर आणायला भारताने तीन वर्षं घेतली, श्रीलंकेला आठ मिळाली. माल कुठल्या देशाचा मानायचा ते ठरवणाऱ्या नियमात 35 टक्के मूल्यवर्धनाची, म्हणजे किमतीतला तेवढा भाग त्याच देशात तयार झालेला असण्याची अट होती, पण भारतीय कच्चा माल वापरला तर स्वतःचं 25 टक्केही चालणार होतं. ज्याने कधी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशाचा याचा दाखला भरलाय त्याला या दहा टक्क्यांची किंमत कळेल. फॉर्मवर एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) बरोबर असतो, बिलं जुळतात, आणि मूल्यवर्धन थोडक्यात कमी पडल्यामुळे अख्ख्या मालावर पूर्ण शुल्क बसतं. असा टक्का मागायचा तर आपल्या कारखान्यांत काय, कुठून आणि किती येतं ते आधी ठाऊक असावं लागतं. वाटाघाटी शिकणं म्हणतात ते मुख्यतः हेच. पुढे वनस्पती तूप आणि तांबं श्रीलंकेतून इतकं यायला लागलं की भारतालाच बंधनं घालावी लागली.

जाणकार माणसं कमी असतात, हे खरं आहे. पण त्यावर उपाय निघालेत. कॅरिबियन देशांनी 1997 मध्ये एकत्र येऊन वाटाघाटींसाठी सामाईक यंत्रणा उभारली आणि युरोपीय संघाशी तिच्यामार्फत बोलणी केली. ऑक्टोबर 2008 मध्ये बार्बाडोसला बहुतेकांनी सह्या केल्या तेव्हा गयाना थांबला. पाच दिवसांनी सही केली, तीही ठरावीक काळाने कराराचा आढावा घेण्याचं घोषणेत लिहून घेऊन. पॅसिफिकमधल्या बेटांनी वानुआतूच्या पोर्ट व्हिलात मुख्य व्यापार सल्लागाराचं कार्यालय काढलं. इथे मात्र मला खटकतं ते हे की त्याचा बराचसा खर्च ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच उचलत होते, आणि टेबलाच्या पलीकडे बसणारेही तेच होते. प्रशिक्षणावर आक्षेप घ्यायचाच तर तो पैसा कुणाचा यावर घ्या. पापुआ न्यू गिनी आणि फिजी या दोघांशी झालेल्या त्या व्यापार करारात गेलेच नाहीत.

बड्या देशाचं काही वाकडं होत नाही, हे निम्मं खरं आहे. जेमतेम लाखभर वस्तीच्या अँटिग्वाने ऑनलाइन जुगाराच्या प्रश्नावर अमेरिकेला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं आणि 2005 मध्ये अपिलातही मुख्य मुद्दा जिंकला. 2007 मध्ये प्रत्युत्तर म्हणून वर्षाला 2.1 कोटी डॉलरपर्यंतच्या, अमेरिकेला दिलेल्या व्यापारी सवलती रोखण्याची मुभा ठरली. अमेरिकेने तरीही बाजार उघडला नाही. पण कलमच लिहिलेलं नसतं तर दावा तरी कशाच्या जोरावर केला असता?

आता मिळेल त्यावर सही करण्याचा तो शेवटचा सल्ला. सर टी. माधवराव 1875 मध्ये बडोद्याचे दिवाण झाले हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. त्याआधी ते त्रावणकोरचे दिवाण होते. तिथे 1865 मध्ये त्रावणकोर, कोचीन आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात आपसातल्या व्यापारावरची जकात उठवणारा करार झाला. संस्थान स्वतंत्र राष्ट्र नव्हतं, इंग्रज सरकार डोक्यावर बसलेलं, नाही म्हणण्याची सोय फारशी नव्हती. तरीही बुडणाऱ्या जकातीपोटी किमान उत्पन्नाची हमी त्यात घातली गेली. आज कित्येक बेटांच्या तिजोरीत आयात शुल्काचा वाटा मोठा आहे. ते शुल्क शून्यावर आणायचं तर दरवर्षी किती रक्कम जाणार, ती व्हॅटमधून कितपत भरून निघणार, तोपर्यंत शाळा-दवाखाने कशावर चालणार, हे सहीआधी मांडणारी माणसं त्या सरकारात हवीत. ती तयार करू नका म्हणणाऱ्यांनी ही तूट कोण भरणार तेही त्याच मेसेजमध्ये लिहावं.